धातूचे जुने क्लॅरिनेट विकत घेताना

जुने धातूचे क्लॅरिनेट हाती आले की नजर प्रथम बेलवर, म्हणजे खालच्या पसरट तोंडावर, कोरलेल्या नावाकडे जाते, आणि फसगतीची सुरुवात बहुधा तिथेच होते. नावाआधी पाहायचे ते बॅरल, म्हणजे माउथपीस आणि मुख्य नळी यांना जोडणारा आखूड तुकडा. लाकडी क्लॅरिनेटचे बॅरल हरवले तर दुसऱ्या बनावटीचे बसवून काम भागू शकते; धातूच्या वाद्यात मात्र सांधे अनेकदा बुचाशिवाय, धातूवर धातू घट्ट बसणारे असतात, त्यांची मापे प्रत्येक कारखान्याची वेगळी असतात, आणि काही वाद्यांना तर माउथपीसही खास आकाराचेच लागते. म्हणून बॅरल नसलेले वाद्य, ते कितीही चकचकीत असले, तरी वाजवण्यासाठी घेऊ नये. सुट्या भागांसाठी घ्यावे.

दुसरा प्रश्न सुराचा. आज ज्याला आपण ४४० हर्ट्झचा ‘ए’ म्हणतो, त्याहून बराच चढा, ४५७ च्या आसपासचा सूर पूर्वी अनेक बँडमध्ये चाले, आणि त्या काळातील वाद्यांवर ‘एचपी’ (हाय पिच, म्हणजे चढा सूर) किंवा ‘एलपी’ (लो पिच, म्हणजे उतरता सूर) अशी अक्षरे आढळतात. ‘एचपी’ वाद्याची नळी आखूड असते व छिद्रेही त्याच हिशेबाने पाडलेली असतात. त्यामुळे बॅरल ओढून किंवा लांब बॅरल लावून ते सर्व स्वरांत जुळत नाही. तसेच चाव्यांची पद्धत तपासावी: १७ चाव्या आणि ६ कडी (बोटांखाली छिद्रांभोवती हलणारी) असतील तर ते आजच्या सर्वसाधारण बोएम पद्धतीचे, आणि चाव्या त्याहून बऱ्याच कमी असतील तर बहुधा अल्बर्ट पद्धतीचे, ज्याची बोटे नव्याने शिकावी लागतील.

आता नावांविषयी. १९२० आणि १९३०च्या दशकांत अमेरिकेत शाळांच्या आणि लष्करी बँडसाठी ही वाद्ये मोठ्या संख्येने तयार झाली, कारण ती ऊनपावसात तडकत नसत. त्यांतील बरीचशी साधीच होती, आणि त्यांच्यामुळे साऱ्या जातीलाच हलके समजण्याची प्रथा पडली, जी मला अन्यायाची वाटते. बोस्टनच्या कंडी-बेटनी कारखान्याचे ‘सिल्वा-बेट’, क्लीव्हलंडच्या एच. एन. व्हाइट यांचे ‘सिल्व्हर किंग’, हेन्स यांचे दुहेरी भिंतीचे क्लॅरिनेट ही अव्वल वाद्ये होती. उलट, कित्येक वाद्यांवर कारखान्याऐवजी विक्रेत्याचे नाव असते. तिथे नाव काहीच सांगत नाही, चाव्यांची घडणच सांगते. ठोकून घडवलेली चावी वाकते आणि सरळ करता येते. हलक्या धातूत ओतलेली चावी वाकवताच तुटते.

मुलामा ओळखणे सोपे आहे. चांदी हवेने काळी पडते, निकेल काळे पडत नाही, फक्त धुरकट होते. ‘निकेल सिल्व्हर’ किंवा जर्मन सिल्व्हर या शब्दांना भुलू नये. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नसते. मुलामा झिजून पितळ दिसणे हा दोष केवळ शोभेचा आहे. सांध्यावरील पोचा, सुटलेला डाख, किंवा दिव्याचा खांब करण्यासाठी नळीला पाडलेले भोक हे खरे दोष. अशी भोके पाडलेली वाद्ये दिसली की मन खट्टू होते.

सुटे भाग जमवताना एकेक चावी शोधत बसण्यापेक्षा त्याच कारखान्याचे, त्याच मॉडेलचे आणि शक्य तितक्या जवळच्या क्रमांकाचे मोडके वाद्य घ्यावे. दांड्या, स्क्रू आणि स्प्रिंगा एकदम मिळतात. तरीही चाव्या हाताने बसवलेल्या असल्यामुळे थोडे जुळवून घ्यावे लागतेच. पॅड, म्हणजे छिद्र झाकणारी चावीखालची मऊ गादी, घेण्याआधी ती जिच्यात बसते त्या चावीच्या वाटीचा व्यास आणि खोली दोन्ही मोजावीत, कारण या वाट्या अनेकदा उथळ असतात आणि नेहमीचे जाड पॅड त्यांत बसवले तर चावी मागच्या बाजूला आधी टेकून पुढे फट राहते. ही फट पाहण्यासाठी पॅडखाली पातळ कागदाची पट्टी धरून चावी मिटावी व पट्टी हळूच ओढावी. चारही बाजूंना ओढ सारखी लागली तर पॅड नीट बसले आहे. पॅड चिकटवण्यासाठी वाटी तापवताना ज्योत वाटीपुरतीच ठेवावी, नळीकडे वळू देऊ नये, कारण मऊ डाख दोनशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळू लागतो आणि छिद्राभोवतीची कडी जागेवरून हलते.