इशिगाकी बेट पाहताना: घड्याळाआधी भरती-ओहोटी पाहावी

जपानच्या नैऋत्य टोकाला, ओकिनावा प्रांतातील यायेयामा द्वीपसमूहात इशिगाकी हे बेट आहे. प्रांताची राजधानी नाहा येथून सुमारे 410 किलोमीटरवर आहे, तैवानची राजधानी तायपेई मात्र त्याहून बरीच जवळ पडते. मोटारीने एका दिवसात बेटाला वळसा घालता येतो आणि नेमके हेच अनेकांना भुलवते. प्रेक्षणीय स्थळांची यादी हाती घेऊन एकामागून एक ठिकाण उरकले, की बेट ‘बघून’ होते खरे, पण अर्धी ठिकाणे चुकीच्या वेळी बघितली जातात. इथे स्थळांचा क्रम भरती-ओहोटी, वारा आणि ऊन यांच्यावर ठरवावा लागतो. जपानची हवामान संस्था इशिगाकीच्या भरती-ओहोटीचे तक्ते संकेतस्थळावर देते. ते आधी पाहावेत आणि मगच कोणत्या दिवशी कुठे जायचे ते ठरवावे.

हंगामाचा विचारही याच अंगाने करावा. मेच्या मध्यापासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत पावसाळा असतो, तर जुलै ते ऑक्टोबर हे तुफानांचे महिने. पावसाळा संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे आकाश बहुधा निरभ्र असते, पण ऊन फार कडक असते. माझ्या मते चालणे आणि पोहणे दोन्ही करायचे असेल, तर एप्रिल सर्वांत सोयीचा. हिवाळ्यात थंडी फारशी नसते, मात्र उत्तरेचा वारा समुद्र खवळवतो आणि त्याचा फटका बोटींच्या वेळापत्रकाला बसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सगळ्या जपानमध्ये एकच प्रमाणवेळ आहे आणि हे बेट फार पश्चिमेला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य सायंकाळी साडेसातनंतर मावळतो आणि जानेवारीत सकाळी सातनंतरही अंधार असतो.

विमानतळ पूर्व किनाऱ्यावरील शिराहो गावाजवळ आहे आणि 2013 मध्ये सुरू झाला. शहरात आणि विमानतळावर बस मिळते, पण उत्तरेकडे तिच्या फेऱ्या कमी होतात, म्हणून तिकडच्या दिवसापुरती तरी मोटार भाड्याने घेणे उत्तम. त्यासाठी 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. वाहने डाव्या बाजूने चालतात, पण अमेरिकी राजवटीच्या काळापासून 1978 पर्यंत ओकिनावात ती उजवीकडून चालत होती. हा बदल 30 जुलै 1978 रोजी झाला. त्याची आठवण म्हणून शहरातील एका चौकात ‘730’ असा आकडा असलेले स्मारक उभे आहे. बंदराकडे जाताना ते वाटेतच लागते.

काबिरा खाडीसाठी असा दिवस निवडावा, ज्या दिवशी भरती सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान येते आणि आकाश मोकळे असते. पाणी भरलेले आणि सूर्य डोक्यावर असला, म्हणजे पांढऱ्या वाळूवर पाण्याचे थर वेगवेगळ्या रंगांत दिसतात: किनाऱ्याशी जवळजवळ रंगहीन, पुढे फिकट हिरवे आणि छोट्या बेटांमधल्या खोल वाटेत गडद निळे. ओहोटीला हेच पाणी आटते, वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि छायाचित्रांत पाहिलेली खाडी ती हीच का, असा प्रश्न पडतो. प्रवाह जोराचे असल्यामुळे इथे पोहण्यास मनाई आहे, तेव्हा तळाला काच बसवलेल्या बोटीतून प्रवाळ, मोठे शिंपले आणि मासे पाहावेत. बोटीचा आग्रह मी यासाठी धरतो की वरच्या निरीक्षण-स्थळावरून रंग दिसतात, पण ते रंग ज्याच्यावर उमटतात तो तळ दिसत नाही. या खाडीत काळ्या मोत्यांची शेतीही होते.

काबिराहून पूर्वेकडे गेल्यावर योनेहारा लागते. इथल्या यायेयामा ताडाच्या राईला राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण आहे. हा ताड निसर्गतः फक्त इशिगाकी आणि शेजारच्या इरिओमोते बेटावर आढळतो. जवळच्या किनाऱ्यावर प्रवाळ अगदी काठाशी आहेत, म्हणून नळीने श्वास घेत पोहणाऱ्यांची इथे गर्दी असते. मात्र ओहोटी सुरू झाली, की प्रवाळभिंतीच्या खिंडीतून पाणी वेगाने बाहेर ओढले जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ अधिक असते, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत कमी. शांत दिसणाऱ्या पाण्यावर विसंबू नये, सोबतीशिवाय उतरू नये आणि प्रवाळांवर पाय ठेवू नये. उन्हाळ्यात हाबू नावाची विषारी जेलीफिश किनाऱ्याजवळ येते, त्यामुळे जाळी लावलेल्या किनाऱ्यांवर पोहणे सुरक्षित.

उत्तरेकडे जाताना तामातोरीझाकी येथे थोडे थांबावे आणि मग हिराकुबोझाकीच्या दीपगृहापर्यंत जावे. चढायची हौस असेल तर वाटेत नोसोको डोंगर करावा. उंची 282 मीटरच, पण शेवटचा टप्पा उभा आणि चिखलाचा आहे. त्याच्या शिळेची एक कथा सांगतात. अठराव्या शतकात राज्यकर्त्यांच्या हुकमाने कुरोशिमा बेटावरची माणसे सक्तीने इथे वसवली गेली, त्यात मापे नावाची एक मुलगी प्रियकरापासून दुरावली. आपले बेट दिसावे म्हणून ती डोंगरावर चढली, पण मध्ये ओमोतो पर्वत आडवा आला आणि तिची शिळा झाली. ओमोतो 525 मीटरचा असून प्रांतातील सर्वांत उंच आहे. माथ्यावर उभे राहिल्यावर कथेतला भूगोल अचूक असल्याचे आपोआप कळते.

नागुरा आनपारु या खारफुटीच्या पाणथळीकडे मात्र नेमके ओहोटीलाच जावे. पाणी ओसरले की ओल्या वाळूवर वाटाण्याएवढे निळसर खेकडे थव्याने बाहेर पडतात. ते तिरके न चालता सरळ पुढे चालतात. चाहूल लागताच स्वतःभोवती गरगर फिरत वाळूत शिरतात आणि क्षणभरात सगळा पट्टा रिकामा होतो. दहा मिनिटे न हलता उभे राहिले तर ते पुन्हा वर येतात. सूर्यास्तासाठी तिथून उगानझाकीचे दीपगृह गाठावे.

ताकेतोमी बेट बोटीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. लाल कौलांची घरे, छपरावर शिसा नावाचे राखणदार प्राणी, प्रवाळाच्या दगडांच्या चुनाविरहित भिंती आणि पांढऱ्या वाळूचे रस्ते हे सारे गावकऱ्यांनी नियम करून टिकवले आहे. रेडे जुंपलेल्या गाडीतून गाव फिरता येते, पण गाडीतून नुसते पुढे सरकण्यापेक्षा पहिल्या बोटीने येऊन पायी हिंडावे असे माझे मत आहे. कोन्दोई किनारा उथळ आणि पोहण्यास बरा. काइजी किनाऱ्यावर वाळूवर तळहात दाबला, की ताऱ्यांच्या आकाराचे कण चिकटतात. ती सूक्ष्म सागरी जीवांची कवचे आहेत. ती पाहून तिथेच ठेवावीत.

इरिओमोतेला किमान एक पूर्ण दिवस द्यावा. 2021 मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे बेट बहुतांशी जंगलाचे आहे आणि इथले रानमांजर जगात दुसरीकडे कुठेही नाही, त्यामुळे मोटार चालवताना वेगमर्यादा काटेकोर पाळावी. प्रांतातील सर्वांत उंच पिनाइसारा धबधबा सुमारे 55 मीटरचा आहे. कायाकने खारफुटीतून आणि मग पायी तिथे जावे लागते. जाणाऱ्यांच्या रोजच्या संख्येवर मर्यादा असल्याने वाटाड्या आधीच ठरवावा. चालणे झेपत नसेल तर उराउची नदीतील बोट किंवा रेड्याच्या गाडीने उथळ समुद्र ओलांडून युबु बेट हे पर्याय आहेत. बेटाला दोन बंदरे आहेत. उत्तरेच्या उएहारा बंदराची बोट हिवाळ्यात वाऱ्यामुळे वारंवार रद्द होते, त्या वेळी दक्षिणेच्या ओहारा बंदरात उतरून बसने जावे लागते. म्हणून इरिओमोतेची सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

रात्रीच्या आकाशासाठी चांदणे नसलेले दिवस धरावेत. डिसेंबर ते जून या काळात दक्षिणेचा त्रिशंकू दिसतो, पण तो क्षितिजाला जवळजवळ टेकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेला उघडा समुद्र असलेली जागा हवी. मे महिन्यात तो रात्री नऊच्या सुमारास दिसतो.

बोटी बंद पडल्या किंवा पाऊस लागला, तर शहरात वेळ सहज जातो. 1819 मध्ये बांधलेला मियारा दुन्ची हा अधिकाऱ्याचा वाडा आणि 1614 मध्ये स्थापन झालेले तोरिन मंदिर पायी पाहता येतात, शिवाय चुनखडीची गुहा आहे. पाऊस थांबल्यास ओहामा येथील प्रचंड खडक पाहावा. 1771 च्या त्सुनामीने यायेयामातील हजारो माणसांचा बळी घेतला आणि असे काही खडक किनाऱ्यांवर आणून टाकले, मात्र ओहामाचा खडक त्याहूनही जुन्या त्सुनामीने आणला असे संशोधक मानतात. जेवणाला यायेयामा सोबा हा रस्सेदार नूडल्सचा पदार्थ मिळतो, परंतु शाकाहारी वाचकांनी आधी विचारून घ्यावे, कारण वर मांस नको असे सांगितले तरी रस्सा डुकराच्या हाडांचा आणि माशाचाच असतो.