वळीव येण्याआधी वाळत घातलेली हळद झाकताना

वसमत-हिंगोलीकडं मार्च-एप्रिलात शिजवलेली हळद उघड्यावर वाळत असते, आणि वळीव येतो तो नेमका दुपारी तीननंतर. एक सर पडली तरी रंग उतरतो.

१. सकाळीच हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज बघा. यलो अलर्ट असेल तर दोनलाच हळद ओढून लांबट, मधे उंच रास करा. सपाट पसाऱ्यावर ताडपत्रीत पाण्याचं डबकं साचतं.

२. राशीच्या चढाच्या बाजूनं वीतभर खोल चर काढा. हळद बहुधा वरून नाही, खालून शिरलेल्या पाण्यानं भिजते.

३. ताडपत्री चहूबाजूंनी हातभर जास्त हवी. कडेला दगड नकोत, वावटळीत घसरतात आणि ताडपत्री फाडतात. अर्धी भरलेली वाळूची पोती आडवी टाका. वाऱ्याच्या बाजूला दुप्पट.

४. पाऊस उघडला की लगेच ताडपत्री काढा. आत वाफ धरते, सकाळपर्यंत बुरशीचा वास येतो.

हे सगळं गडगडाट ऐकू येण्याआधी उरकायचं. दामिनी ॲप ४० किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं. गडगडाट ऐकू आला तर हळद तशीच सोडून पक्क्या घरात जा. लिंबाखाली थांबू नका.