केसगळती आणि सोलापुरी ताट

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनतात, त्यामुळे ताटात प्रथिनं कमी पडली की ते पातळ होतात. 55 किलो वजनाला रोज साधारण 45 ते 55 ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी हा पाया चांगला आहे, पण दोन मोठे चमचे चटणीत जेमतेम 6-7 ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणून सोबत वाटीभर मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ आणि वाटीभर दही हवंच. चालत असेल तर एक-दोन अंडीही.

खरी गडबड लोहाची होते, त्यातही बायकांमध्ये. पालेभाजी, डाळी खाऊन लगेच चहा घेतला की त्यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. चहा तासभर पुढे ढकला. उसळीवर अर्धं लिंबू मात्र जेवतानाच, गॅस बंद झाल्यावर पिळा. लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, पण शिजवताना ते बरंच नष्ट होतं.

केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतात, तेव्हा तीन-चार महिने तरी थांबा. गळती तरीही थांबली नाही तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या (एक ‘ब’ जीवनसत्त्व) गोळ्या सुरू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट या गोळ्यांमुळे चुकू शकतो.