चेसिसवरचा नंबर काय सांगतो

गेल्या पावसाळ्यात कोडोलीकडचा एक पोरगा टेम्पोत बीएसए, म्हणजे जुनी इंग्लिश मोटरसायकल, घालून माझ्या दुकानी आला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं काम; पोट त्यावर चालतं आणि जुन्या मोटरसायकली हा नाद. पोरगा उतरायच्या आधीच बोलायला लागला, "काका, दुसऱ्या महायुद्धातली हाय. आजोबांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली." गाडी गुऱ्हाळाच्या खोपीत वर्षानुवर्षं पडून होती. टाकीवर धूळ आणि काकवी मिळून असा थर बसला होता की नख घातलं तर नखच अडकावं. मी म्हटलं, चहा घे, आणि आजोबांचं नंतर बघू. आधी नंबर काय म्हणतो ते ऐकू.

नंबर दोन असतात, एक इंजिनाचा, एक चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा. इंजिनाचा सोपा. बीएसए असो वा ट्रायम्फ (तीही इंग्लिशच), सिलिंडर जिथं क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यावर, बसतो त्याच्या खाली, डाव्या अंगाला बघा. चेसिसचा शोधावा लागतो. हँडलचा दांडा ज्या नळीतून जातो ते हेड, आणि तिथून खाली येणारी पुढची नळी, हा सगळा भाग दोन्ही बाजूंनी तपासा, पण सुरुवात डावीकडून करा. दिसत नाही म्हणजे नाही असं समजू नका. चार मालकांनी चार वेळा रंग दिलेला असतो.

इथंच लोक घात करतात. ग्राइंडर, वायर व्हील, सँडब्लास्टिंग यातलं काहीही नंबराजवळ आणायचं नाही. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका ट्रायम्फची चेसिस मी नंबर न झाकता पावडर कोटिंगला दिली. परत आली ती आरशासारखी, आणि नंबर कोटिंगखाली गडप. मग घाईत मीच तो पॉलिश पेपरने उघडा करायला गेलो आणि शेवटचे दोन आकडे अर्धे पुसले. नंतर आरटीओच्या साहेबांनी तपासणीला तीनदा पेन्सिल प्रिंट काढून बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चोरच. माझीच चूक, बोलणार काय?

तर रीत अशी. रॉकेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने मळ काढा. रंग राहिला तर पेंट रिमूव्हर कापसाने फक्त तेवढ्या जागेवर लावा, फुगला की लाकडाच्या पट्टीने सरकवा. फार तर पितळी ब्रश वापरा, पोलादी नको. कोरडं झालं की खोबणीत बोटाने रांगोळीची पूड भरा आणि वरची पुसून घ्या. आता दुकानातली लाइट बंद करून टॉर्च बाजूने, जवळजवळ लोखंडाला टेकवून धरा. समोरून न दिसणारा आकडा बाजूच्या उजेडात सावली टाकतो. मग बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलने प्रिंट काढा, निदान तीन, आणि तारीख टाका.

आता पंच, म्हणजे आकडे मारायचे पोलादी ठसे, बघायचे. त्या काळी अक्षरं हातोडीने एकेक मारायची, त्यामुळे ओळ वाकडी असणं हा गुन्हा नाही. उलट फार सरळ, फार ताजी ओळ दिसली तर मी सावध होतो. एकच आकडा दोनदा आला असेल तर भिंग घेऊन बसा. एका पंचाने मारलेल्या दोन्ही ३ ची खोड एकच असते. एकाचा पाय तुटका आणि दुसऱ्याचा धड असेल तर तिथं दोन हात लागलेत. आणि पोलादी फूटपट्टी नंबरावर आडवी ठेवून पलीकडून उजेड पाडा. मधोमध खळगा दिसला तर जुना नंबर घासून नवा मारलाय. घासणाऱ्याला वाटतं मिटला, पण पंच मारताना खालचं लोखंडही दबलेलं असतं. फॉरेन्सिकवाले आम्ल लावून तोच आकडा वर आणतात.

पोराच्या गाडीचा इंजिन नंबर आधी निघाला. डब्ल्यूएम२०. एम२० म्हणजे पाचशे सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. पहिलं अक्षर वर्षाचं, आणि बीएसएची त्या वेळची अक्षरं साधी आहेत: एच १९३७, जे १९३८, के १९३९, युद्धातला डब्ल्यू १९४० पासून, मग एक्स १९४६, वाय १९४७, आणि झेड १९४८ पासून पुढे. म्हणजे इंजिन खरोखर लढाईतलं. पोरगा खूश.

मग चेसिसवर पूड भरली. झेडएम२०, पुढे आकडे, त्यात एक एस. पोराला वाटलं तो ५ आहे. पण वरचा कोपरा गोल होता. हा एस म्हणजे स्प्रिंगची, प्लंजरची चेसिस, आणि एम२० ला प्लंजर १९५१ पासून मिळायला लागला. नुसत्या नंबरावर विश्वास ठेवायचा नाही, लोखंडाने दुजोरा द्यायला हवा. मागच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना उभे डबे होते, ते प्लंजर. लढाईतल्या एम२० ला मागे काहीच स्प्रिंग नसते, पुढे गर्डर फोर्क असतो, म्हणजे चाक धरणारा जुन्या पद्धतीचा दांड्यांचा चिमटा. इथं पुढे टेलिस्कोपिक, नळीत नळी सरकणारा. हेडजवळ थोडं खरवडलं तर सांध्यात पितळेची पिवळी रेघ दिसली. लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या खोबणीत, नळी घालून पितळ वितळवून जोडलेलं, म्हणजे ब्रेझिंग केलेलं, कारखान्याचंच काम. तिथं वेल्डिंगची माळ दिसली असती तर मान कापून बसवलीय असं मी समजलो असतो.

"मग नंबर जुळत न्हाईत म्हंजे गाडी चोरीची?" पोराचा चेहरा पडला. नाही रे बाबा. बीएसएच्या इंजिनाचा आणि चेसिसचा आकडा साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत एक नसायचाच. त्यावरून चोर ठरवायला गेलात तर निम्मा देश आत जाईल. इथं अडचण वेगळी होती, अक्षरांतच कित्येक वर्षांचं अंतर.

ट्रायम्फची गोष्ट उलटी, तिथं दोन्ही नंबर एकच हवेत. १९६९ च्या मॉडेलपासून नंबराआधी दोन अक्षरं येतात, पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. सी १९६९, डी १९७०, ई १९७१, पुढे एफ सोडून जी १९७२. महिन्यात ए जानेवारी, जे ऑगस्ट, एन ऑक्टोबर. मेख अशी की मॉडेलचं वर्ष ऑगस्टलाच सुरू व्हायचं. जेडी लिहिलेली गाडी १९७० चं मॉडेल, पण बनली ऑगस्ट १९६९ मध्ये. सौदा करताना हे माहीत असलेला माणूस फायद्यात राहतो. त्या काळापासून इंजिन नंबराच्या जागेवर ट्रायम्फचं नाव बारीक अक्षरांत पुन्हा पुन्हा उठवलेलंही असतं. ते घासलेलं दिसलं की उठून चालू लागा.

आपल्याकडच्या गाड्यांना एवढी भिंगं लागत नाहीत, इतिहास पुरतो. म्हैसूरच्या जावाचं नाव १९७३ ला येझदी झालं, म्हणून "१९६८ ची येझदी" कुणी विकायला आणली तर हसून चहा पाजा. मद्रासची बुलेट १९५५ च्या आधीची असू शकत नाही. प्लेटवर चेन्नई छापलं असेल तर ती प्लेट १९९६ नंतरची. आणि सतरा अक्षरी नंबर असलेली गाडी व्हिंटेज नव्हेच.

कागद मी शेवटी बघतो. पोराच्या आरसी बुकात नोंद १९४८ ची, आणि चेसिसच्या रकान्यात डब्ल्यूएम२० ने सुरू होणारा आकडा. म्हणजे पुस्तकातली चेसिस गाडीखाली नव्हतीच. शेजारी बसलेला एकजण लगेच म्हणाला, पाचशे रुपयात जुना नंबर मारून देतो. त्याला मी दुकानाबाहेर काढला. तो गुन्हा आहे, आणि वर एक खरी चेसिस कायमची खोटी होते. पोराला व्हिंटेजची व्हीए नंबर प्लेट हवी होती. २०२१ च्या नियमाने त्याला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं, वीस हजार फी आणि चेसिस, इंजिनात मोठा बदल नको. म्हणून आधी आरटीओत जाऊन खरं काय ते लेखी सांगायचं, प्रिंट जोडायचा. वेळ लागेल, लागू दे.

"पण आजोबा खोटं कशाला बोलतील?" त्याचं तेच चाललेलं. मी म्हटलं, घरी कोण जुनं माणूस आहे? त्यानं आजीला फोन लावला, स्पीकरवर.

"व्हय की," आजी म्हणाली, "केर्लीजवळ उसाच्या गाडीवर घातली हुती तुज्या आज्यानं. निम्मी गाडी मोडली. मग बेळगावास्नं दुसरा सांगाडा ट्रकमदनं आनला. मला सांगू नगंस म्हनला हुता तुज्या पणज्याला."