उमेदवारनिवडीत तटस्थ कसं राहायचं: समितीच्या कार्यकर्त्यांसाठी

२०१३ मध्ये कर्नाटक विधानसभेवर सीमाभागातल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले. २०१८ मध्ये एकही नाही. गटबाजीची किंमत आणखी वेगळी सांगायला नको.

तटस्थपणा सुटतो तो बहुधा सहीवर. मान्यताप्राप्त नसलेल्या पक्षाच्या किंवा अपक्ष उमेदवाराला विधानसभेच्या अर्जावर त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. इच्छुक सकाळीच दारात येतो, चहा होतो, कागद पुढे सरकतो. निवड जाहीर होईपर्यंत सही नाही, हे तिथंच हसत सांगा. ‘बघूया’ म्हणू नका. गल्लीत त्याचा अर्थ होकारच होतो.

निवड समितीवर असाल तर इच्छुकाच्या गाडीतून फिरू नका, त्याच्या घरी बैठक ठेवू नका. बैठक एखाद्या सार्वजनिक सभागृहात घ्या, सगळ्यांना बोलायला सारखा वेळ द्या आणि इतिवृत्तावर हरणाऱ्याचीही सही त्याच रात्री घ्या. व्हॉट्सॲप स्टेटसवर फोटो एकाचाही नको. पाव्हण्यांपैकी कुणी इच्छुक असेल तर निवड समितीतून बाजूलाच व्हा, उगाच कसरत नको.

तरीही दोन अर्ज पडलेच, तर छाननीनंतर माघारीला दोनच दिवस उरतात आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनला दार बंद. समजूत काढायला तटस्थ माणूसच लागतो, म्हणून गावातली दोन वडीलधारी माणसं आधीच राखून ठेवा. माघारीचा अर्ज उमेदवाराने स्वतः द्यावा, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रासह सूचकाने.