टिन व्हिसल: स्वस्तातली निवडायची कशी आणि ठाकठीक करायची कशी

टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची, शिट्टीसारखी तोंडात धरून वाजवायची छोटी बासरी. आयरिश संगीत वाजवणाऱ्या अनेकांकडे हाताने घडवलेली महागडी व्हिसल असते, तरी बैठकीला बाहेर निघते ती जुनी, रंग उडालेली, 'जनरेशन' या स्वस्त ब्रँडचीच. यात नुसता जिव्हाळा नाही. पातळ पितळी नळी आणि प्लास्टिकचं डोकं असलेल्या या व्हिसलला फुंक कमी लागते आणि स्वर चटकन बोलतो. रील (आयरिश नाचाची धून) वेगात चालू असताना बोट क्षणभर उचलून टाकलेला 'कट' किंवा कटला टॅप (खालच्या भोकावर बोटाची झटपट थाप) जोडून केलेला 'रोल' स्वच्छ ऐकू यायला हेच हवं असतं. जड नळीची, फुंकीला अडवणारी व्हिसल भरदार वाजते, पण तिथे सगळी फुंक नव्याने बसवावी लागते.

अडचण एवढीच की एकाच खोक्यातल्या दोन जनरेशन सारख्या वाजत नाहीत. प्लास्टिकचं डोकं साच्यातून निघतं, ज्यातून फुंक आत जाते त्या फटीच्या कडेला बारीक कुसं राहतात, गोंद कमी-जास्त पडतो. म्हणून शक्य असेल तर तीन-चार वाजवून एक घ्यावी.

सुरुवातीला 'डी'चीच घ्या. आपल्या भाषेत पांढरी दोन: सहाही भोकं बंद केली की तो षड्ज, आणि तिथून एकेक बोट उचलत गेलं की बिलावलचं सप्तक. बासरी वाजवणाऱ्याला हा हिशेब उलटा वाटेल. वरची तीन भोकं बंद म्हणजे सा आणि सहाही बंद म्हणजे मंद्र पंचम असं धरलंत तर हीच व्हिसल पांढरी पाचची छोटी बासरी होते, आणि बोटं तशीच्या तशी चालतात. फरक फुंकीचा. इथे ओठांचं काम नाही, हवा ठरलेल्या फटीतून डोक्यावरच्या खिडकीच्या धारदार कडेवर, म्हणजे पात्यावर, आदळते, त्यामुळे जोर वाढवला की स्वर चढतो आणि आणखी वाढवला की वरच्या सप्तकात उडी मारतो. बासरीवाले पहिल्या दिवशी हमखास जास्त फुंकतात.

क्लार्क या दुसऱ्या जुन्या ब्रँडचा बाज वेगळा. रॉबर्ट क्लार्कने 1843 साली इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात ती बनवायला घेतली, आणि मूळ नमुना आजही पत्रा गुंडाळून केलेला, खाली निमुळता, तोंडात लाकडी ठोकळा बसवलेला असाच आहे. आवाजात हवेची फुसफुस असते. ज्यांना ती आवडते त्यांना दुसरं काही चालत नाही. फुंक मात्र खूप खाते. तोंडाजवळचा वरचा पत्रा अंगठ्याने अगदी हलका दाबला तर फट अरुंद होते आणि फुंक वाचते. दाब केसभर द्यावा, वाजवून बघावं, मग पुन्हा. एकदम चेपला तर स्वर गुदमरतो. क्लार्क पाण्यात बुडवू नये, लाकूड फुगतं. सुसाटो हा तिसरा ब्रँड, जाड प्लास्टिकची, मोठ्या आवाजाची व्हिसल. रस्त्यावर वाजवायला उत्तम, फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा विचार करावा.

दुकानात तपासायच्या गोष्टी थोड्याच आहेत. सहाही भोकं बंद करून खालचा स्वर हळूच धरा. जरा जोर देताच तो फुटून वर जात असेल तर ती व्हिसल बाजूला ठेवा. मग वरच्या सप्तकातले ए आणि बी, म्हणजे पंचम आणि धैवत. ते किंचाळल्याशिवाय निघायला हवेत. शेवटी कोमल निषाद, म्हणजे सी: वरचं भोक उघडं, त्याखालची दोन बंद, बाकी उघडी. हा स्वर बराच चढा लागला तर पुढे त्रास आहे.

आता घरचं काम. जनरेशनचं डोकं गोंदाने चिकटवलेलं असतं, ते सुटल्याशिवाय सूर मिळवता येत नाही. नुकतंच उकळलेलं पाणी कपात घेऊन फक्त डोकं अर्धा मिनिट बुडवा, फडक्यात धरून पिळल्यासारखं फिरवा, निघेल. ओढू नका, आणि तोंडाकडच्या चपट्या भागाला धरू नका, फट वाकडी होईल. नळीवरचा गोंद खरवडून काढा. डोकं ढिलं झालं तर नळीला प्लंबरच्या पांढऱ्या टेपचा एक वेढा पुरतो.

डोकं 1 मिमी बाहेर ओढलं की खालचा डी साधारण 6 सेंट (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर) उतरतो, पण ए साधारण 9 सेंट उतरतो, कारण त्याचा हवेचा स्तंभ आखूड असतो. म्हणूनच 3-4 मिमीपेक्षा जास्त ओढलं की व्हिसल स्वतःशीच बेसूर होते. हवामानाचाही असर आहे: दर अंश सेल्सियसला सुमारे 3 सेंट. आधी दोन मिनिटं वाजवून गरम करा, मग ट्यूनर बघा.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पोकळी भरल्याने. डोक्याच्या आतून, फटीच्या तळाखाली, एक रिकामा खळगा असतो. भिंतीवर पोस्टर चिकटवायची पुटी हरभऱ्याएवढी घ्या, पेन्सिलच्या सपाट टोकाने आत दाबा आणि फटीच्या कडेशी सपाट करा. वरचे स्वर स्थिर होतात, खालचा डी घट्ट होतो. पुटी कडेच्या वर आली तर आवाजच बंद पडतो. घाबरू नका, टोकरून काढा.

कुसं काढायला नवं ब्लेड वापरा आणि उजेडाकडे धरून फटीत बघा. जे लोंबतं आहे तेवढंच कापायचं. पात्याच्या धारेला ब्लेड लागू देऊ नका, धार गोल झाली की व्हिसल कायमची घोगरी होते.

वरचा सी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद, चढा असेल तर पहिल्या भोकाच्या वरच्या कडेवर सेलोटेपची पट्टी लावा. भोक लहान होतं, स्वर उतरतो. एकदम अर्धं भोक झाकू नये.

वाजवताना मध्येच आवाज दबला तर फटीत लाळेचं आणि वाफेचं पाणी साचलेलं असतं. खिडकीवर बोट ठेवून एकदा जोरात फुंका. वारंवार होत असेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चमचाभर पाण्यात कालवून फटीतून घाला, झटका आणि न पुसता वाळू द्या. साबणाच्या थरामुळे थेंब न धरता पाणी पसरून वाहून जातं. पावसाळ्यात आणि एसी खोलीत डोकं आधी मुठीत किंवा खिशात गरम करणं हा अजून सोपा उपाय.

मोठ्या, खोल आवाजाच्या लो व्हिसलचं भारताशी नातं आहे. आयरिश वादक फिनबार फ्यूरीची लाडकी भारतीय बांबूची व्हिसल मोडली, आणि 1971 च्या सुमारास इंग्लंडमधले कारागीर बर्नार्ड ओव्हरटन यांनी त्याच्यासाठी ॲल्युमिनियमची केली. तिची भोकं लांब लांब असतात, ती बोटांच्या टोकांनी झाकू नयेत. बोटं सरळ ठेवून मधल्या पेरांनी झाकावीत, मोठी बासरी धरताना धरतो तशी. तरीही खालच्या हाताचं मधलं बोट ताणलं जात असेल तर आधी त्याहून लहान, लो एफ किंवा जी घ्या.