नव्या संगणकासाठी बाहेरची ड्राइव्ह कशी निवडावी

नवा संगणक घेतला की त्याच्यासोबत एखादी पेन ड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्कही घेऊन टाकण्याकडे बहुतेकांचा कल असतो. माझा आग्रह असा की, त्याआधी नव्या संगणकात काय नाही ते नीट पाहावे, कारण सुट्या ड्राइव्हची गरज अनेकदा त्या उणिवेतूनच निर्माण होते. १९९८ साली ॲपलने आयमॅक फ्लॉपी ड्राइव्हशिवाय बाजारात आणला, तेव्हा ज्यांचे काम फ्लॉपीवर होते त्यांना यूएसबीला जोडायची वेगळी फ्लॉपी ड्राइव्ह घ्यावी लागली. २००० च्या सुमारास ८ एमबीच्या पेन ड्राइव्ह आल्या आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीची गरज हळूहळू संपत गेली.

आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसते, यूएसबीची तोंडे दोन-तीनच असतात आणि काहींमधील साठवण तर मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असल्यामुळे ती नंतर वाढवता येत नाही. त्यातच २५६ जीबीची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) विंडोजमध्ये सुमारे २३८ जीबीच दिसते आणि त्यातूनही विंडोज व प्रोग्रॅम आपला वाटा घेतात. म्हणून पहिले काम म्हणजे जुन्या संगणकातील फोल्डरांचा आकार मोजणे. फोटो, व्हिडिओ आणि कामाच्या फाइली मिळून ४०० जीबी भरत असतील, तर बाहेरची ड्राइव्ह किमान १ टीबीची असावी, म्हणजे पुढच्या काही वर्षांची भरही तीत मावेल.

दुसरे काम जोडणीचे आहे आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६० एमबी) असला, तरी प्रत्यक्षात ३५ ते ४० एमबीच मिळतात, म्हणजे वरचे ४०० जीबी उतरायला तीन तासांच्या आसपास लागतात. सेकंदाला १०० एमबी देणारी साधी हार्ड डिस्क ५ गिगाबिटच्या तोंडाला जोडली, तर तेच काम सव्वा तासाच्या आत होते. टाइप-सी तोंडे दिसायला सारखी असली, तरी त्यांचा वेग सारखा नसतो, म्हणून उत्पादकाच्या तपशीलपत्रात प्रत्येक तोंडाचा वेग वाचावा. केबलकडेही तितकेच लक्ष द्यावे. फोन चार्ज करायच्या कित्येक टाइप-सी केबल यूएसबी २.० च्याच वेगाने माहिती नेतात, त्यामुळे महागडी एसएसडीही त्यांच्यावर रेंगाळते आणि आपण विनाकारण ड्राइव्हलाच दोष देतो.

रोज त्याच ड्राइव्हवरून काम करायचे असेल किंवा ती पिशवीतून न्यायची असेल, तर एसएसडी घ्यावी, कारण तिच्यात फिरणारे भाग नसल्याने धक्क्यांनी बिघडण्याची भीती कमी असते. केवळ प्रत जपून ठेवायची असेल, तर हार्ड डिस्क पुरते आणि तेवढ्याच जागेला सहसा स्वस्त पडते. शिवाय, वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतील माहिती हळूहळू नष्ट होऊ शकते, त्यामुळे कपाटात ठेवण्यासाठी ती मला योग्य वाटत नाही. जुन्या लॅपटॉपमधून अडीच इंची साटा (SATA) जोडणीची डिस्क काढता येत असेल, तर ती यूएसबी केसिंगमध्ये घालून वापरून पाहावी. नवी ड्राइव्ह घेण्याची गरजच कदाचित उरणार नाही. मात्र, डिस्क बाहेर काढण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का हे तपासून त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा लांब क्रमांक, जवळ ठेवावी, नाहीतर नव्या संगणकावर ती उघडणार नाही.

ड्राइव्ह विंडोज आणि मॅक या दोन्हींवर लावायची असेल, तर ती एक्सफॅट (exFAT) या फाइल-मांडणीच्या पद्धतीत फॉरमॅट करावी. इतर पद्धतींपैकी फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, तर एनटीएफएस ड्राइव्ह मॅकवर नुसती वाचता येते. फॉरमॅट केल्याने ड्राइव्हवरचे सारे पुसले जाते, म्हणून हे काम ती रिकामी असतानाच करावे. सगळे उतरवून झाल्यावर ड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावी, नव्या संगणकाला लावावी, निरनिराळ्या फोल्डरांतील दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि त्यानंतरच जुना संगणक पुसून दुसऱ्याच्या हाती द्यावा.